विहीर एकशे बारा

महिन्यातून एकदा मी शंबेच्या विहिरीत
दोरीला बांधलेली बाटली सोडतो.
एकतीस मीटरवर पाण्याला लागते,
गेल्या साली सत्तावीसला लागायची.
शंबे काठाशी उकिडवा बसून
माझ्या हातातल्या यंत्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतो,
दवाखान्यात बघतात तसं.

"कितना?"
"अकरा हजार दोनशे."
तो बलुचीत काहीतरी पुटपुटतो.
मला नाही. विहिरीला.

शंबे म्हणजे शनिवार. शनिवारी जन्मला म्हणून.
तेव्हा सोहारच्या या पट्ट्यात, म्हणे, रस्त्यानं चालताना
लिंबाच्या फुलांनी डोकं दुखायचं.
लिंबं आधी गेली.
मग केळी.
मग कुंपणालगतचा आंबा, पणज्यानं
गलबतातून आणलेल्या कोयीचा.
कुठल्या बंदरातली कोय, सांगणारं कुणी उरलं नाही.
बुंधा आहे अजून. त्यावर डिझेलचा कॅन ठेवतात.
राहिले खजूर, तेही शेंड्याकडं निमुळते होत चाललेत,
दुखणाइताची मान होते तसे.

पंप सगळ्यांनीच लावले. शंबेनंही, दोन.
हे तो लपवत नाही.
गोडं पाणी पुढच्या दारानं उपसलं
आणि मागच्या दारानं समुद्र आत आला,
चपला न काढता.

मी त्याला सांगितलेलं नाही
की माझंही रान मिठानं गेलंय, शिरोळकडचं.
तिथं नदी उशाला, पाटाला खळ नाही,
उसाला पाजलं, पाजलं, पाजलं,
आणि एका मार्चात पहाटे वडील बांधावरून ओरडले,
"अरे, दहिवर पडलंय काय एवढं?"
दहिवर नव्हतं. उन्हं आली तरी हललं नाही.
तहानेनं मेलेली माती आणि बुडून मेलेली माती,
दोन्ही मी जिभेवर ठेवून बघितल्यात.
फरक सांगता येणार नाही.

संध्याकाळी गाडी गावाकडे वळते.
बंदराच्या बाजूला आभाळ जळक्या तव्यासारखं,
वारा फिरला की इमारतभर खिडक्यांचा धडाधड आवाज.
तिसऱ्या मजल्यावरची रोझलिन दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते,
तिचा लेक पंप ओढतो. त्यालाही आम्ही पंपच म्हणतो.
"आज कशाचा वास?" मृदुला विचारते.
उकडलेल्या अंड्याचा, मी म्हणतो,
आणि दोघं जेवायला बसतो.

माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना: शेरा.
तिथं मी सात वर्षं "नोंद घेतली" लिहितोय.
कुणी घेतली, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

बाल्कनीत एसीची नळी बादलीत सोडलेली असते.
रात्रभर टप, टप. सकाळी बादली काठोकाठ.
एकदा सहज यंत्र बुडवलं: अठरा.
परत बुडवलं. अठराच.
या शहरातलं सगळ्यात गोडं पाणी
मशीनच्या घामाचं.

दोन कॅन भरून शंबेकडं नेले.
काय करणार होतो, कुणास ठाऊक. दोन कॅन.
त्यानं बोट बुडवून चाटलं,
थोडा वेळ वाट बघितली, चव येईल म्हणून.
"इसमें तो कुछ भी नहीं है," तो म्हणाला.
तरी घमेल्यात ओतलं, शेळीला हाक मारली.
शेळी आली, हुंगलं,
ओठ वर करून आमच्याकडे बघितलं
आणि गेली विहिरीजवळच्या टाकीकडं,
अकरा हजार दोनशेकडं,
चपचप प्यायला लागली.

शंबे हसला. मीही.
मग बराच वेळ दोघंही
घमेल्यात वाळू उडून पडताना बघत बसलो.